दोन मिनिटांचा ट्रेलर, पाच दिवसांचा अभ्यास: इंग्रजीसाठी कान तयार करण्याची रीत

इंग्रजी वाचून कळतं, पण कोणी बोलायला लागलं की निम्मं डोक्यावरून जातं. जळगाव, धुळे, नंदुरबारच्या कॉलेजांतून पुण्याला मुलाखतीला जाणाऱ्या कितीतरी मुलामुलींची ही तक्रार असते. त्यावर सहसा 'शब्द वाढवा' असा सल्ला मिळतो आणि मुलं रोज वीस-वीस शब्द पाठ करायला बसतात. पण न कळलेलं तेच वाक्य कागदावर लिहून दाखवा, हीच मुलं चटकन अर्थ सांगतात. म्हणजे शब्द डोळ्याच्या ओळखीचा आहे, कानाच्या नाही. शब्द पाठ करून ही अडचण सुटणारी नाही.

खान्देशातल्या माणसाला हे समजायला जड जाऊ नये. अहिराणीत शाळेची शाया होते, डोळ्याचा डोया, काळ्याचा काया. पुण्याचा पाहुणा अमळनेरच्या बाजारात उभा राहिला तर 'शाया' ऐकून त्याला शाळा आठवत नाही. आपल्याला मात्र क्षणही लागत नाही, कारण तो आवाज आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. अमेरिकन माणूस वॉटरला 'वॉडर' म्हणतो तो असाच बदल. नियम पाठ केल्याने तो अंगवळणी पडत नाही. तोच आवाज पुन्हा पुन्हा ऐकावा लागतो, आणि दर वेळी तो नेमका कोणत्या शब्दाचा होता हे पडताळून पाहावं लागतं.

या कामाला इंग्रजी चित्रपटांचे ट्रेलर फार चांगले पडतात. मुख्य ट्रेलर साधारण अडीच मिनिटांच्या आत संपतो, टीझर तर त्याहून लहान. दोन तासांचा चित्रपट दहा वेळा ऐकणं कोणालाच जमणार नाही, ट्रेलर पन्नास वेळा ऐकता येतो. चित्र समोर असल्याने प्रसंगाचा अंदाज येतो, आणि तयार करणाऱ्यांनी प्रत्येक वाक्य निवडून घातलेलं असल्याने फाफटपसारा नसतो. जाता जाता एक शब्द इथेच शिकून घ्या. 'ट्रेल' म्हणजे मागून ओढत जाणं. पूर्वी या जाहिराती चित्रपट संपल्यावर मागून दाखवत, म्हणून नाव ट्रेलर. ट्रॅक्टरच्या मागे कपाशी भरून चालतो तो ट्रेलरही याच शब्दाचा.

कोणता ट्रेलर घ्यायचा

बहुतेकांचा सगळा अभ्यास इथेच बिघडतो. आवडीचा म्हणून मारधाडीचा किंवा सुपरहिरोचा ट्रेलर घेतात. त्यात स्फोट, ढोल, किंचाळ्या आणि मध्ये चार शब्द. भयपटात पात्रं कुजबुजतात. कुजबुजताना गळ्याचा आवाज निघत नाही, त्यामुळे 'ब' आणि 'प' किंवा 'द' आणि 'त' यांतला फरक पुसट होतो. हे दोन्ही प्रकार पहिले तीन महिने बाजूला ठेवा.

घ्यायचे ते कौटुंबिक, शाळा-कॉलेजच्या, कोर्टाच्या, खेळाडूंच्या जीवनावरच्या चित्रपटांचे ट्रेलर. लहान मुलांचे अॅनिमेशनपट सगळ्यात सोपे, कारण त्यांचे संवाद स्टुडिओत माइकसमोर स्वच्छ रेकॉर्ड केलेले असतात. माहितीपटाचा ट्रेलरही चांगला, त्यात एकच निवेदक सलग बोलतो. अगदी नवशिक्याने १९८०-९० च्या दशकांतले जुने ट्रेलर शोधावेत. त्या काळी ट्रेलरला भारदस्त आवाजाचा निवेदक असायचा. 'इन अ वर्ल्ड' या सुरुवातीने ओळखला जाणारा डॉन लाफॉन्टेन हा त्यांतला सर्वांत नावाजलेला आवाज. २००८ मध्ये तो वारला. अशा निवेदकाचे उच्चार ठसठशीत असतात आणि दोन वाक्यांत श्वास घ्यायला जागा असते. आताच्या ट्रेलरमध्ये निवेदक क्वचितच असतो, कथा संवादांतून आणि पडद्यावरच्या अक्षरांतून पुढे जाते.

निवडण्याआधी एक चाचणी करा. कॅप्शन चालू करून ट्रेलर एकदा पाहा आणि शब्द अंदाजे मोजा. ऐंशीपेक्षा कमी असतील तर तो ट्रेलर या कामाचा नाही. दीडशे ते अडीचशे असतील तर उत्तम. त्यांतले दहा-पंधराच शब्द नवे असावेत. दर वाक्याला डिक्शनरी उघडावी लागत असेल तर तो सध्या बाजूला ठेवा, सहा महिन्यांनी घ्या.

ट्रेलर चित्रपट कंपनीच्या अधिकृत चॅनलवरचाच घ्या. चाहत्यांनी जोडून-तोडून बनवलेल्या ट्रेलरमध्ये आवाज खराब असतो आणि कॅप्शनचा भरवसा नसतो. आणि पहिले दोन महिने एकाच धाटणीचं इंग्रजी ऐका, अमेरिकन किंवा ब्रिटिश. एक दिवस लंडन आणि दुसऱ्या दिवशी टेक्सास असं केलं की कानाला कोणतीच सवय लागत नाही.

साहित्य

मोबाईल, वायरचे साधे इअरफोन, रेघांची वही आणि दोन रंगांचे पेन. इअरफोन दोन्ही कानांत घाला. मे महिन्यात आपल्याकडे घराघरात कूलरची घरघर चालू असते. त्या आवाजात मोबाईलच्या स्पीकरवर ऐकलं तर शब्दांच्या शेवटचे 'स', 'फ', 'थ', 'ट' पूर्ण बुडून जातात. इंग्रजीत एकवचन-अनेकवचन आणि काळ या टोकाच्या आवाजांवरच टिकलेले असतात. मग 'वॉक' होता की 'वॉक्ट' हे कळायचं कसं? शक्य असेल तर पहाटेची वेळ धरा.

गावात नेटवर्क ये-जा करत असेल तर ज्या ट्रेलरला ॲपमध्ये डाउनलोडची सोय आहे तो आदल्या रात्री उतरवून ठेवा. मध्येच गोल फिरायला लागलं की ऐकण्याची लय तुटते. चित्राची गुणवत्ता ३६०पीवर ठेवली तरी चालते, डेटा वाचतो.

यूट्यूबवर काही गोष्टी हाताला बसवून घ्या. मोबाईलवर पडद्याच्या डाव्या बाजूला दोनदा टिचकी मारली की व्हिडिओ १० सेकंद मागे जातो. कॉम्प्युटरवर डाव्या बाणाने ५ सेकंद मागे जाता येतं, ते जास्त सोयीचं, कारण ट्रेलरमधलं एक वाक्य साधारण तेवढंच असतं. सेटिंगमध्ये प्लेबॅक स्पीड आणि लूप सापडतील. कॅप्शनच्या यादीत 'ऑटो-जनरेटेड' असं लिहिलेलं असेल तर ती मशीनने लिहिलेली आहेत. माणसांची-गावांची नावं, कुजबुज आणि संगीताखाली दबलेली वाक्यं यांत मशीन हमखास चुकतं. तसं लिहिलेलं नसेल तर कॅप्शन बहुधा कोणीतरी तपासून टाकलेली असतात. शक्यतो असाच ट्रेलर निवडा.

पाच दिवस

पहिल्या दिवशी कॅप्शनशिवाय तीनदा पाहा. कोण आहे, कुठे आहे, अडचण काय आहे, एवढंच पकडा. मग एका वाक्यात ते वहीत लिहा. मराठीत लिहा, अहिराणीत लिहा, काहीही चालेल. त्यानंतर मोबाईल पालथा ठेवून दोनदा नुसतं ऐका. चित्र गेलं की कान खरा किती पकडतो ते लगेच कळतं. पहिल्यांदा हे फार कमी वाटेल. त्याला घाबरू नका, पुढच्या चार दिवसांत तोच आकडा वाढवायचा आहे.

दुसरा आणि तिसरा दिवस श्रुतलेखनाचे. हेच या पद्धतीचं खरं काम आहे. एक वाक्य ऐका, थांबवा, ऐकलं तसं लिहा. एका वाक्याला जास्तीत जास्त पाच वेळा. त्यात न उमजलेल्या जागी रेघ ओढून पुढे जा. पाचाच्या वर ऐकून फायदा होत नाही. कान तोच चुकीचा अंदाज घट्ट करत बसतो. रोज अर्धा ट्रेलर, साधारण अर्धा तास.

वहीचं पान असं आखा: तीन ओळींचा एक गट. वरच्या ओळीत तुम्हाला वाटलेलं इंग्रजी वाक्य. मधली ओळ मोकळी, तिथे नंतर कॅप्शन पाहून दुसऱ्या रंगाने बरोबर वाक्य येईल. खालच्या ओळीत देवनागरीत, कानाला जसं ऐकू आलं अगदी तसं. शाळेत आपण इंग्रजी शब्दावर देवनागरी उच्चार लिहितो, पण तो स्पेलिंग बघून लिहितो. त्यामुळे तोंडात 'कम्फर्टेबल' बसतं, आणि समोरचा 'कम्फ्टबल' म्हणाला की ते ओळखूच येत नाही. देवनागरी वापरायला हरकत नाही, फक्त लिहिताना कान पुढे आणि स्पेलिंग मागे.

एक नमुना जवळून पाहू. ट्रेलरमध्ये असतात तशी दोन वाक्यं, बाप दवाखान्याच्या व्हरांड्यात मुलीला म्हणतोय: 'यू शुड हॅव टोल्ड मी. आय वुड हॅव कम.' कानावर पडतं ते असं: 'युशुडव टोल्मी. आयडव कम.' नवशिका हमखास 'शुड ऑफ' लिहितो आणि दुसरं वाक्य सोडून देतो. झालं काय ते बघा. 'हॅव' या मदतीच्या क्रियापदावर जोर नसतो, म्हणून त्याचा 'ह' गळतो आणि उरतो नुसता 'अव', जो 'ऑफ'च्या बोलण्यातल्या रूपासारखाच वाजतो. 'टोल्ड मी' मध्ये 'ल' आणि 'म' यांच्यात सापडलेला 'ड' गिळला जातो. 'वुड'चा तर फक्त 'ड' उरतो आणि 'आय'ला चिकटतो. अर्थ मात्र सरळ आहे: सांगायला हवं होतंस, मी आलो असतो. 'आलो असतो' हे मराठीत आपण दिवसातून दहा वेळा म्हणतो, व्याकरणही शाळेत झालेलं असतं. अडलं फक्त त्या गिळलेल्या 'हॅव'पाशी.

चौथ्या दिवशी कॅप्शन किंवा वर्णनाखालच्या 'शो ट्रान्स्क्रिप्ट'मधून मजकूर काढून वही तपासा. नुसत्या चुका मोजू नका, प्रत्येक चुकीची जात लिहा. शब्दच नवा होता तर 'न'. शब्द माहीत होता पण ओळखू आला नाही तर 'ओ'. दोन शब्दांची जोडणी चुकीच्या ठिकाणी तोडली तर 'ज', जसं 'अॅन आइस मॅन' आणि 'अ नाइस मॅन'. पहिल्या काही ट्रेलरमध्ये 'ओ'ची गर्दी दिसेल, आणि बहुतेक 'ओ' अगदी फुटकळ शब्दांवर असतील: टू, ऑफ, अँड, हिम, हर, कॅन, हॅव. इंग्रजीत हेच शब्द सगळ्यात पटकन उच्चारले जातात. मराठीत आपण प्रत्येक अक्षराला थोडीफार सारखी जागा देतो. इंग्रजी दोन-तीन शब्दांवर वजन टाकतं आणि मधले शब्द दाबून टाकतं.

दाबलेल्या शब्दांची काही रूपं पुन्हा पुन्हा भेटतील. 'गोइंग टू'चं 'गना', 'वाँट टू'चं 'वाना', 'गॉट टू'चं 'गॉडा', 'टेल हिम'चं 'टेलिम', 'गेट हर आउट ऑफ हिअर'चं 'गेडर आउडा हिअर'. आपणही 'करत आहेस' लिहितो आणि 'करतोयस' बोलतो, मग यात अशुद्ध काही नाही. फक्त अर्जात किंवा ईमेलमध्ये ही रूपं लिहू नका.

'कॅन' आणि 'कान्ट' इथे थोडं थांबा, कारण चूक झाली तर अर्थच उलटतो. अमेरिकन बोलण्यात 'कान्ट'चा उच्चार 'कॅन्ट' होतो आणि शेवटचा 'ट' बहुतेकदा घशातच अडतो. त्यामुळे 'ट' ऐकू येण्याची वाट पाहू नका, जोर कुठे आहे ते बघा. 'वीक्न डू धिस' असं घाईत ऐकू आलं तर करू शकतो. 'वी कॅन् डू धिस' असा स्वच्छ, लांब 'कॅ' ऐकू आला तर बहुधा नकार आहे.

पाचव्या दिवशी बोलायचं. ट्रेलर लावून पात्राच्या पाठोपाठ, अर्ध्या सेकंदाच्या अंतराने, त्याच चढउतारात वाक्यं म्हणा. सुरुवातीला वेग ०.७५ ठेवा. त्याखाली जाऊ नका, ०.५ वर आवाज ताणले जातात, 'अव' पुन्हा 'हॅव'सारखा वाटायला लागतो आणि जे शिकायचं तेच हरवतं. पाच फेऱ्या ०.७५ वर, मग पाच मूळ वेगात. तोंडाने जे दाबून म्हणता येतं ते कानाला लवकर सापडतं.

शब्द कसे उचलायचे

एका ट्रेलरमधून सहा ते आठच गोष्टी घ्या, आणि सुटा शब्द न घेता शब्दांची जोडी घ्या. ट्रेलरमध्ये 'लेगसी', 'डेस्टिनी', 'रिडेम्प्शन', 'रेकनिंग' असे भारदस्त शब्द भरपूर असतात. ते ओळखू आले तर ठीक, पण रोजच्या बोलण्यात त्यांना काम नाही. तिथलं खरं धन म्हणजे साध्या क्रियापदांच्या जोड्या: 'फिगर इट आउट', 'गिव्ह अप', 'रन आउट ऑफ टाइम', 'गेट अवे विथ इट', 'शो अप'. एकेक शब्द पहिलीतला आणि जोडीचा अर्थ वेगळाच.

'मेक इट' घ्या. 'वी आर नॉट गोइंग टू मेक इट' हे वाक्य ट्रेलरमध्ये सतत येतं. 'मेक' म्हणजे बनवणं, असं धरलं तर वाक्याला अर्थच राहत नाही. प्रसंग बघा: गाडी दरीकडे चालली असेल तर 'आपण वाचत नाही'. ट्रेन सुटायला आली असेल तर 'आपण वेळेत पोहोचत नाही'. स्पर्धेची गोष्ट असेल तर 'आपल्याला जमणार नाही'. वहीत तिन्ही लिहा, आणि शेजारी स्वतःचं वाक्य, भुसावळच्या प्लॅटफॉर्मवर धावताना तुम्ही म्हणाल असं. अर्थासाठी केंब्रिज किंवा ऑक्सफर्डची विद्यार्थ्यांसाठीची ऑनलाइन डिक्शनरी उघडा. फुकट आहे, उदाहरणं सोपी आहेत आणि ब्रिटिश-अमेरिकन दोन्ही उच्चार ऐकायला मिळतात.

पडद्यावरची अक्षरंही सोडू नका. 'बेस्ड ऑन अ ट्रू स्टोरी', 'फ्रॉम द डिरेक्टर ऑफ', 'ओन्ली इन थिएटर्स' हे एकदाच शिकायचं. 'धिस समर' मात्र फसवतं. अमेरिकेतला समर म्हणजे जून ते ऑगस्ट, आपल्याकडे तेव्हा पेरण्या चाललेल्या असतात. 'धिस फॉल' म्हणजे पडझड नव्हे, सप्टेंबर ते नोव्हेंबरचा पानगळीचा काळ, आपल्या कापूस वेचणीच्या आसपासचा. अमेरिकन ट्रेलरच्या सुरुवातीला हिरवी पाटी येते, तिच्यावर 'द फॉलोइंग प्रिव्ह्यू हॅज बीन अप्रूव्ह्ड' असा मजकूर असतो. लाल पाटी दिसली तर आत शिव्या किंवा हिंसा असणार, शाळेच्या वर्गात तो लावू नका.

निवडलेल्या जोड्या दुसऱ्या, चौथ्या, सातव्या आणि पंधराव्या दिवशी पुन्हा बघा. बघताना मराठी अर्थ झाकून ठेवा आणि ट्रेलरमधला तो प्रसंग आठवा. प्रसंग आठवला की शब्द त्याच आवाजात आठवतो.

कुठे घसरतं

हिंदी किंवा मराठी सबटायटल लावली की डोळा वाचायला लागतो आणि कान सुट्टीवर जातो. मोठ्या चित्रपटांचा हिंदी ट्रेलरही मिळतो. तो बघायचाच तर पाचव्या दिवशी, सगळं झाल्यावर. तेव्हाही तो शब्दाला शब्द धरून तपासू नका, डबिंगमध्ये ओठांच्या हालचालींसाठी वाक्यं बदललेली असतात.

रोज वीस ट्रेलर पाहणं हा अभ्यास नाही, करमणूक आहे. आठवड्याला एक, महिन्याला चार, एवढं पुरतं.

ट्रेलरमधला संवाद हा खरा संवाद नसतो, हेही ध्यानात ठेवा. प्रश्न एका प्रसंगातला आणि उत्तर भलत्याच प्रसंगातलं, अशी जोडणी सर्रास असते. वाक्यं अर्धवट तोडलेली असतात. त्यामुळे बोलणं कसं सुरू करावं, समोरच्याला मध्ये कसं थांबवावं, हे ट्रेलरवरून शिकता येत नाही. तसंच पात्रं एकमेकांवर डाफरतात, ती भाषा मुलाखतीत चालत नाही. 'यू गॉडा बी किडिंग मी' समजलं पाहिजे, साहेबांना म्हणायचं नाही.

शिक्षकांसाठी एक गोष्ट. वर्गात प्रोजेक्टरवर ट्रेलर दाखवून गाळलेल्या जागा भरायला देताना बहुतेकजण कठीण शब्द गाळतात. उलट करा. कठीण शब्द छापून द्या आणि 'टू', 'हॅव', 'हिम', 'ऑफ' गाळा. मुलांना ते लिहिता येत नाहीत हे पाहून तुम्हालाच नवल वाटेल, आणि पुढच्या तासाला काय शिकवायचं तेही ठरेल. चाळीस मुलांचा वर्ग असेल तर बाकांच्या रांगेनुसार काम वाटा: एका रांगेने फक्त नावं आणि आकडे, दुसरीने क्रियापदं, तिसरीने नकार. नंतर तिन्ही जोडून फळ्यावर पूर्ण मजकूर उभा करा.

आठ ट्रेलर झाले की वहीतला पहिला पुन्हा लावा, मोबाईल पालथा ठेवून. 'ओ'च्या खुणा आता मोजा. निम्म्याहून कमी उरल्या असतील तर ट्रेलर थांबवा आणि कंपन्यांच्याच चॅनलवर मिळणाऱ्या एक ते तीन मिनिटांच्या सलग प्रसंगांच्या क्लिप घ्या, त्यात बोलणं न तोडता ऐकायला मिळतं. त्यानंतर कलाकारांच्या मुलाखती, जिथे माणसं अडखळतात, वाक्य मध्येच बदलतात. खुणा निम्म्याहून जास्त असतील तर आणखी चार ट्रेलर करा, पण या वेळी श्रुतलेखनाला दोनऐवजी तीन दिवस द्या.